हरवलेलं दहाचं पान

जगात मोजता येत नाही अशी एकही गोष्ट नाही, असं मानणारा माणूस प्रत्येकाच्या नात्यात एखादा तरी असावा. फक्त तो बायकोचा थोरला भाऊ नसावा. माझ्या वाट्याला नेमका तसाच आला, आणि पुढे आम्ही दोघं एकाच वीजघरात नोकरीला लागलो, त्यामुळे घरी आणि कामावर अशी दोन्हीकडे माझी मापं निघत राहिली. उंच, काटकुळे, पुढच्या दोन दातांत अंतर असलेले (ते अंतर किती, हे त्यांना पाठ होतं) असे हे माझे मेहुणे खाकी शर्टाच्या खिशात फिलर गेज बाळगत. ज्यांनी हे हत्यार पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: चाकूसारखी दुमडणारी, वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पानांची ती एक जुडी असते. दोन भागांमधल्या फटीत कुठलं पान जेमतेम सरकतं ते पाहायचं, म्हणजे फट किती ते कळतं. बाकीचे फिटर काम झालं की गेज पेटीत ठेवत. मेहुणे तो हळदीलाही घेऊन जात. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाच्या सदऱ्याचा खिसा एका बाजूला ओढला गेलेला स्पष्ट दिसतो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सापगावच्या घरी. बहिणीसाठी स्थळ बघायला ते शेणव्याहून चार मोठी माणसं घेऊन आले होते. मोठ्या माणसांनी शेतीचं विचारलं, नोकरीचं विचारलं, पोहे खाल्ले. हे मात्र मधेच उठून गेले, ते मागच्या दाराशी उकिडवे बसलेले सापडले. दाराखालच्या फटीत त्यांनी गेजची मिटलेली आख्खी जुडी सरकवली होती.

"माझा गेज जातोय आत," ते माझ्या वडलांना म्हणाले. "मंग फुरसा साप का नाय जायाचा?"

वडलांना वाटलं, नकार द्यायची ही शेणव्याची पद्धत असेल. दुसऱ्या दिवशी निरोप्या आला. स्थळ पसंत होतं, आणि निरोप्याच्या हातात दाराच्या बुडाला ठोकायची रबराची पट्टी होती, लांबीला बरोब्बर कापलेली. ती ठोकल्याशिवाय तारीख धरायची नाही, एवढीच मुलीकडच्यांची अट होती. हुंड्याऐवजी रबर घेऊन लग्न झालेला आमच्या गावातला मी एकटाच.

त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं माहेर वैशाखऱ्याचं. माळशेजच्या वाऱ्यात वाढलेली बाई, सहजासहजी हलणारी नव्हे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मेहुण्यांनी ताटातल्या तांदळाच्या भाकरीला गेज लावला आणि मधे जाड, कडेला पातळ असल्याचं निदर्शनास आणून दिलं. वहिनींनी परातीतला हात काढला, तांब्यातल्या पाण्याने धुतला आणि म्हणाल्या, "मंग गेजच खावा. तो सगळीकडं सारखाच हाय." त्या दिवशी मेहुणे कामावर उपाशी आले. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी खाल्ली आणि तिच्याविषयी अवाक्षर काढलं नाही. मी त्यांना शिकताना पाहिलं ते तेवढं एकदाच.

शेणव्यात वीज गेली की लोक ट्रान्सफॉर्मरकडे जायचं सोडून यांच्या अंगणात जमत. वीज जो बनवतो त्याला जाब विचारायचा, हे त्यांचं म्हणणं तसं सरळच होतं. "तुमी तिकडं वीज बनवता, न् आमी इकडं चिमण्या लावतो. हा कसला न्याय रं?" असं एखादी म्हातारी विचारी. दुसरा कोणी असता तर चिडला असता. मेहुणे तिला ओट्यावर बसवून भाताच्या खाचरांचा दाखला देत. वरच्या खाचरातून खालच्यात, खालच्यातून त्याच्या खालच्यात पाणी कसं उतरतं, आपलं खाचर शेवटी असलं आणि मधल्या एखाद्याचा बांध फुटला तर आपण कोरडे का राहतो, हे सगळं ते बोटांवर मोजत सांगत. सांगणं एवढं लांबे की तोवर वीज परत येई. त्यामुळे यांनी नीट समजावलं की दिवे लागतात, अशी गावाची समजूत झाली होती.

आमचं वीजघर म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या जुन्या धरणाच्या पायथ्याशी उभी असलेली एक बुटकी इमारत. आत दोन मशिनं. धरणाचं पाणी जाड नळातून येतं, चक्र फिरवतं आणि मागच्या बाजूने नदीला मिळतं. मेहुणे तिथे फोरमन, मी स्टोअरकीपर. तेवीसेक वर्षांपूर्वी एक नंबरचं मशीन पूर्ण खोलून दुरुस्त केलं गेलं. मेहुणे तेव्हा नवे नवे फोरमन झाले होते आणि जोडणीचं सगळं काम त्यांच्या हातचं. मशीन चालू झालं, पेढे वाटले, आणि दोन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की गेजमधलं दहाचं पान नाही, बिजागरीत त्याचा मोडका तुकडा तेवढा उरलाय. दहाचं म्हणजे एक दशांश मिलिमीटर जाडीचं, सगळ्यात जास्त लागणारं. गेज मधे एक दिवस पुसायला म्हणून माझ्या स्टोअरमध्ये ठेवला होता. तेव्हा पान स्टोअरमध्येच मोडून गेलं, हे त्यांनी ठरवून टाकलं.

पुढची वीस वर्षं मी त्या पानाचा चोर होतो. मी नवा गेज देऊ केला, त्यांनी घेतला नाही. "मला गेज नको, माझं पान पायजे," असं म्हणत. दर वर्षी त्याच महिन्यात मला एक रीतसर पत्र येई. विषय: दहाच्या पानाबाबत स्मरणपत्र. मी त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारून फाइलला लावी. मग संध्याकाळी तेच मेहुणे भाचरांसाठी करवंदं घेऊन आमच्या घरी येत आणि माझ्याशी अगदी प्रेमाने बोलत. बायको म्हणे, "दादाच्या मनात काय नसतं. तो फक्त कागदावर भांडतो."

त्याच वीस वर्षांत एक नंबरच्या मशीनला एक खोड होती. मशीनचं सगळं वजन खाली गोलाकार मांडलेल्या आठ पॅडांवर बसतं. वीजनिर्मितीचा भार पूर्ण वाढवला की त्यातला चार नंबरचा पॅड तापे, घंटा वाजे आणि भार उतरवावा लागे. पॅड दोनदा बदलला, तेल बदललं, फरक पडला नाही. शेवटी मशीन बेतानेच चालवायची सवय झाली. दोष मूळ बनावटीचाच आहे, असं मेहुण्यांचं ठाम मत. "ज्यांनी बनवला त्यांच्या देशात बर्फ पडतो," ते प्रत्येक नव्या साहेबाला सांगत. "तिथं काय तापायचं? इथं शहापूरच्या वैशाखात बसवून बघा म्हणावं." साहेबांनी ते वर कळवलं, वरच्यांनी त्यांच्या वर, आणि हळूहळू ते सरकारी सत्य झालं.

मग तीनेक वर्षांपूर्वी आमच्या वीजघराचं नूतनीकरण मंजूर झालं. मशिनं म्हातारी झाली होती. ती भंगारात काढण्यापेक्षा नवी चक्रं, नव्या तारांची गुंडाळणी, नवी नियंत्रण यंत्रणा घालून आणखी एक पिढी चालवायची, असं ठरलं. काम एका कंपनीने घेतलं आणि तिच्याकडून एक इंजिनिअर मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, विदर्भातल्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे थेट बघण्याची सवय. मेहुण्यांच्या निवृत्तीला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं. हे दोघं पहिल्याच दिवशी भांडणार, अशी आम्ही सगळ्यांनी खात्री बाळगली होती.

मेहुण्यांनी त्यांना एक नंबरपाशी नेऊन सांगितलं, "मॅडम, हा जरा जास्त हलतो."

"किती?" मॅडमनी विचारलं.

मेहुण्यांचा हात खिशातल्या गेजकडे गेला. नोकरीच्या एवढ्या वर्षांत त्यांना 'किती' असं कोणी विचारलं नव्हतं. ते आपणच दुसऱ्यांना विचारत आले होते. त्या दिवसापासून ते मॅडमचे झाले. वहिनींकडून त्यांच्यासाठी नाचणीच्या पापड्या येऊ लागल्या. मॅडम त्यांना काका म्हणत आणि आपलं लेझरचं उपकरण हाताळायला देत. ते त्याच्या आकड्याशी आपल्या गेजचा आकडा ताडून पाहत आणि जुळला की लेझरला शाबासकी देत. निवृत्तीनंतर दोन नंबरचं मशीन होईपर्यंत त्यांना सल्लागार म्हणून ठेवून घ्यायचं, असं वीजघराच्या साहेबांनी बोलूनही दाखवलं होतं. मेहुण्यांनी ते घरी सांगितलं नाही, पण नवे बूट घेतले, त्यावरून वहिनींना कळलं.

एक नंबर खोलायला सुरुवात झाली. क्रेनने फिरता भाग वर उचलला गेला तेव्हा सगळं वीजघर मान वर करून उभं होतं. त्याच्याखाली उतरून पॅड एकेक करून काढायचे होते. त्या दुपारी मी रबरी कड्यांचं खोकं घेऊन खाली गेलो. तिथे मेहुणे, मॅडम आणि मी असे तिघंच होतो. बाकीचे फिटर वर जेवायला बसले होते. चार नंबरचा पॅड निघाला, मग तो ज्या बैठकीवर टेकतो तीही निघाली. याआधी पॅड बदलला होता तेव्हा बैठक कोणी हलवली नव्हती. तिच्याखालच्या काळ्या तेलात काहीतरी चिकटलं होतं. मेहुण्यांनी ते नखाने सोडवलं, चिंधीने पुसलं. पातळ पोलादी पातं होतं, एका टोकाला मोडलेलं. त्यावर १० हा आकडा होता.

मेहुण्यांनी खिशातून गेज काढला, उघडला. त्याच्या बिजागरीत मोडक्या पानाचा एवढासा तुकडा वीस वर्षं अडकून होता, तो मलाही ठाऊक होता. त्यांनी हातातलं पातं त्याला लावलं. तुटलेल्या कडा एकमेकींना अशा बसल्या की मधे काहीही गेलं नसतं.

एक दशांश मिलिमीटर. तेवढ्याने चार नंबरचा पॅड इतरांपेक्षा उंच बसला होता, जास्त वजन घेत होता आणि तापत होता. बनावटीत दोष नव्हता आणि कुठल्या देशातल्या बर्फाचाही नव्हता.

मॅडमनी जिन्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, बैठकीखाली जुना पत्रा आढळला, काढून टाकला, एवढं मी रिपोर्टमध्ये लिहिते. ते खोटं नाही."

"किती जाडीचा लिवशील?"

"एक दशांश."

"मंग कुणाचा, ते पण लिव."

"त्याची गरज नसते काका. रिपोर्टमध्ये तसा रकानाच नाही."

"मंग मी लिवतो," मेहुणे म्हणाले आणि पातं चिंधीत गुंडाळून वर गेले.

साहेबांना ते मुळीच आवडलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण मशीन मुळातच सदोष आहे असं त्यांच्या आधीच्या सगळ्यांनी लिहून ठेवलेलं. आता ते आपल्याच माणसाच्या हातून बिघडलं होतं असं वर सांगायचं म्हणजे सगळ्यांना खाली मान घालायला लावणं. त्यांनी मेहुण्यांना खुर्चीत बसवलं, चहा मागवला. मी फाइल घेऊन तिथेच उभा होतो.

"कोण विचारणार आहे तुम्हाला आता?" साहेब म्हणाले. "मशीन नवं होतंय. जुनं गेलं ते गेलं. तुमचं सल्लागाराचं पत्र टेबलावर आहे, मला उद्या सही करायची आहे. कशाला मधे हे?"

"साहेब, वीस वर्सं मी दुसऱ्याचं नाव घेत व्हतो," मेहुणे म्हणाले. "मोजलं नव्हतं न् बोललो. तेवढं माझ्या हातानं खोडू द्या."

त्यांनी अर्ज लिहिला. माझ्या हाताखालून गेला म्हणून मला माहीत आहे. विषय: एक नंबर मशीनच्या बैठकीखाली मिळालेल्या पानाबाबत. खाली एवढंच, की सदर पान माझ्या गेजचे असून जोडणीच्या वेळी माझ्याकडून आत राहिले, त्यामुळे मशीन पूर्ण भाराने चालू शकले नाही, यात बनवणाऱ्याचा अथवा इतर कोणाचा दोष नाही. सोबत: पान, एक. अक्षर नेहमीसारखंच होतं, पट्टी लावल्यासारखं.

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी सापगावला आले. करवंदांचे दिवस नव्हते, हातात काही नव्हतं. ओटीवर बसले, पाणी प्यायले. बायको चहा टाकायला आत गेली तेव्हा म्हणाले, "भावजी, पान गावलं."

"हो दादा. मी होतो ना तिथं."

"तुमी व्हता. पण तुमाला सांगायचं राह्यलं व्हतं." मग खिशातून एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. आजवर पाठवलेली सर्व स्मरणपत्रं ते मागे घेत असल्याचं त्यात लिहिलं होतं, आणि प्रत्येक पत्राचा जावक क्रमांक दिला होता. शेवटी, 'आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहे.' वीस वर्षं मी त्या पत्रांची सगळ्यांना सांगून गंमत करत आलो होतो. लग्नकार्यात माझी ती हक्काची गोष्ट होती. मनस्ताप झाला असेल असं कोणी समजेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बायको चहा घेऊन आली, तिने कागद वाचला आणि एवढंच म्हणाली, "दादा, तू जेवूनच जा."

ते जेवूनच गेले. नंतरचे काही आठवडे ते एका वहीत आकडे मांडत होते. मशीन पूर्ण चाललं असतं तर किती जास्त वीज झाली असती, त्यात कोणत्या गावांचे दिवे किती दिवस लागले असते. मॅडमनी समजूत घालून पाहिली, की पाणी काही वाया गेलं नाही, उरलेलं दोन नंबरमधून किंवा झडपेतून नदीला गेलंच, शेतांना मिळालंच. मेहुणे म्हणाले, "गेलं. पण काम न करता गेलं." एक दिवस मॅडमनी ती वही मागून घेतली आणि परत दिलीच नाही. मेहुण्यांनी मागितलीही नाही.

पुढे काय व्हायचं ते रीतीप्रमाणे झालं. वरून खुलासा मागवला गेला, त्यांनी दिला. सल्लागाराचं पत्र टेबलावरून कुठे गेलं ते कोणी सांगितलं नाही. त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात एक नंबर पुन्हा सुरू झालं. नवं चक्र, नवे पॅड, भिंतीएवढा पडदा आणि त्यावर हिरवे आकडे. भार वाढवत वाढवत पूर्णावर नेला. घंटा वाजली नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि काकांना शोधू लागल्या. ते तिथे नव्हते. मी बाहेर गेलो तर मागच्या बाजूला, मशीनमधून सुटलेलं पाणी नदीला मिळतं तिथल्या कठड्याला टेकून उभे होते.

"पूर्ण भार घेतलाय," मी सांगितलं.

"दिसतोय की," ते म्हणाले. पाणी कठड्याखालच्या भिंतीवर बरंच वरपर्यंत चढलं होतं. एवढं पाणी तिथे एका वेळी मीही कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. आनंद होता, पण तो दुसऱ्याच्या घरच्या लग्नात असतो तसा होता.

निवृत्तीच्या दिवशी नेहमीचा हॉलमधला समारंभ झाला नाही. स्टोअरमध्येच आम्ही सात-आठ जण बसलो, चहा आणि वडे मागवले. मॅडमनी त्यांना जर्मन बनावटीचा नवा गेज दिला. त्यांनी त्याची सगळी पानं एकेक करून मोजली, सगळी आहेत म्हणाले आणि पेटीत ठेवला. माझ्या माहितीप्रमाणे तो अजून पेटीतच आहे.

आता दोन नंबरचंही काम संपलं. मॅडम दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा धरणावर गेल्या. वीजघर पडद्यावरून चालतं, माणसं कमी झाली, माझीही थोडीच वर्षं राहिली. मेहुणे शेणव्याला भातशेती बघतात आणि चांगली बघतात.

गेल्या हिवाळ्यात वहिनींच्या भावाच्या घरी वास्तुशांत होती, म्हणून आम्ही सगळे शहापूरहून मुरबाडच्या एसटीने निघालो. पुढे वैशाखऱ्यासाठी गाडी बदलायची होती. तो रस्ता एका वळणावर आमच्या वीजघराच्या बरोबर वरून जातो. गाडीत शिरता शिरता वहिनी माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "हे आता उजवीकडंच बसतात गो. ह्या रस्त्याला डावीकडं बसायचं टाळतात." पण त्या दिवशी गाडी भरलेली होती आणि रिकामी राहिली होती ती नेमकी डावीकडची खिडकी. बाजूला मी बसलो. मेहुणे क्षणभर उभे राहिले, मग बसले.

वळण येईपर्यंत ते भाताच्या नव्या वाणाविषयी बोलत होते. वळण आलं तसे थांबले. खाली सकाळच्या उन्हात वीजघराचं नवं छप्पर चमकत होतं आणि मागच्या बाजूने पाणी पांढरं होऊन नदीत पडत होतं. मला वाटलं, ते मान फिरवतील. त्यांनी खिडकीची काच सरकवली, दोन्ही हात दांडीवर ठेवले आणि वळण संपेपर्यंत, अगदी शेवटी मान मागे वळवूनसुद्धा, खाली पाहत राहिले.

"दोनी चालू हायेत," ते म्हणाले. मग काच परत लावून घेतली, कारण पलीकडच्या बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं आणि वारा गार होता.